शिंपल्यांसाठी दोर

वाइकारो खाडीच्या लोकांची अब्रू शिंपल्यांत होती. कुणाकडे ईल मासे असतील, कुणाची रताळी नावाजलेली असतील. पण पाहुणा वाइकारोच्या मराएवर आला, की त्याच्यापुढे वाफाळत्या शिंपल्यांची परात यायची, आणि ती संपायच्या आत दुसरी यायची. मराए म्हणजे गावाचं अंगण आणि बैठकीचं घर. लग्न असो, मयत असो, सगळं तिथंच. रीपेकाचा नवरा गेला तेव्हा तीन दिवस माणसं येत होती, आणि त्या तीन दिवसांत पाहुण्यांना वाढलेल्या शिंपल्या शहरातल्या दुकानातून खोक्यांत भरून आणलेल्या होत्या. खाडीत शिंपली उरलीच नव्हती. डोंगरावरची झाडं कापली गेली, माती पावसाबरोबर खाली आली, तळ गाळानं भरला, आणि वाचलेल्या शिंपल्यांवर समुद्रतारे तुटून पडले. पाहुणे भले होते, कुणी अवाक्षर काढलं नाही. पण रीपेकाच्या मनातून ती खोकी सहा वर्षं झाली तरी गेली नव्हती.

जुलैतल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका गारठलेल्या सकाळी तूरोआ तिच्या दारात आला. तूरोआ तिच्या थोरल्या भावाचा नातू. खाडीची देखरेख करणाऱ्या गावाच्या मंडळात काम करायचा. सगळी तरुण मंडळी तिला नॅन, म्हणजे आजी, म्हणत, तोही म्हणायचा.

"नॅन, दोन कामं आहेत. एक सोपं, एक अवघड."

"अवघड आधी सांग."

"एक मुलगी चार महिने तुझ्याकडे राहायला पाठवतोय. चिलीहून आलीय, विद्यापीठात शिकायला."

"आणि सोपं?"

"दोनशे मीटर दोर वळायचाय. पानांचा."

रीपेका हातातलं विणकाम खाली ठेवून हसायला लागली. पण तूरोआचं म्हणणं खरं होतं. पूर्वीची माणसं पाण्यात पानांचे दोर सोडायची. शिंपल्यांची पिलं पाण्यातून तरंगत येतात, त्यांना धरायला काहीतरी लागतं. दोर मिळाला की ती तळावरच्या गाळापासून आणि समुद्रताऱ्यांपासून वर, सुरक्षित राहतात. प्लास्टिकचे दोर बाजारात होते, पण खाडीत आता प्लास्टिकचा धागाही जाणार नाही असं मोठ्यांनी ठरवलं होतं. आणि पानांचं विणकाम म्हटलं की रीपेकाचंच नाव निघायचं. तिनं विणलेली अंगवस्त्रं तीन जमातींच्या प्रमुखांच्या खांद्यांवर होती.

"दोर करते," ती म्हणाली. "पोरगी नको. शिकायला येणारे लोक मी पाहिलेत. येतात, चहा पितात, वहीत लिहितात, आणि गेले की गेले."

ती कुणाबद्दल बोलतेय ते सगळ्या गावाला माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी एक संशोधक आला होता. रीपेकाची धाकटी बहीण हूरिया हिनं त्याला आईच्या हातच्या विणकामाचा शेवटचा तुकडा दोन महिन्यांच्या बोलीवर पाहायला दिला. तो माणूस परत आला नाही, तुकडाही आला नाही, पत्रांना उत्तर आलं नाही. तेव्हा रीपेकानं मराएच्या जेवणघरात, सगळ्यांच्या देखत, हूरियाला म्हटलं होतं, "तू आईला विकलंस." त्या दिवसापासून दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकाच स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या आणि तिसऱ्याच बाईला सांगायच्या, "तिला म्हणावं, रश्शात मीठ कमी आहे."

तरी मुलगी आलीच. सोलेदाद तिचं नाव. बावीस वर्षांची, ठेंगणी, अंगावर दोन स्वेटर. पहिल्या संध्याकाळी ती जेवून उठली ते थेट भांडी घासायलाच गेली. रीपेका मागून बघत राहिली. भांडी स्वच्छ निघाली होती.

"कुठं शिकलीस?"

"आम्ही सहा भावंडं, नॅन. आणि नळ एक."

ती चिलीच्या दक्षिणेकडच्या एका बेटावरची होती. तिच्या गावीही जमिनीत खड्डा खणून, तापलेल्या दगडांवर मांस, बटाटे आणि शिंपल्या रचून, पानांनी झाकून शिजवत असत. तिनं हे सांगितलं तेव्हा रीपेकाचा आधी विश्वास बसेना.

"पानं कसली?"

"मोठी. छत्रीएवढी. वरून मातीची ढेकळं."

"आणि किती वेळ?"

"आजी गाणं म्हणायची. तीनदा संपलं की उघडायचं."

रीपेकाला हे आवडलं, पण तिनं तसं दाखवलं नाही. सोलेदादच्या बापाची शिंपल्यांची शेती होती, समुद्रात लांबच लांब प्लास्टिकच्या दोरांवर. वादळ झालं की ते दोर तुटून किनाऱ्यावर येत. "आमच्या किनाऱ्यावर वाळूपेक्षा निळे धागे जास्त आहेत," ती म्हणाली. "बाबा वाईट माणूस नाहीत. त्यांना दुसरं काही ठाऊकच नाही. मी म्हटलं, कुणाला तरी ठाऊक असेल."

रीपेकानं दोराचं काम हाती घेतलं. घरामागे हाराकेकेची बनं होती, केवड्यासारखी लांब पाती असलेली. सोलेदादला तिनं पाती कापायला शिकवलं. मधलं कोवळं पातं हे मूल, त्याच्या दोन्ही बाजूंची ते आई-बाप. या तिघांना हात लावायचा नाही, फक्त बाहेरची म्हातारी पाती घ्यायची. पावसात कापायचं नाही. कापण्याआधी प्रार्थना. पहिल्याच दिवशी सोलेदादनं चुकून आई-बापांतलं एक पातं छाटलं आणि रडकुंडीला आली.

"रडून ते परत जोडलं जाणार नाही," रीपेका म्हणाली. "बाकीची नीट काप."

पाच आठवडे दोघी विणत बसल्या. रीपेकानं पाती खरवडून रेशमासारखी केली आणि आठ पदरांची गोल वेणी घातली. इतकी गुळगुळीत की बोट फिरवलं तर घसरावं. ऑगस्टच्या शेवटी तूरोआनं ते दोर खाडीत टांगले. सगळं गाव काठावर उभं होतं. लोकांनी वाखाणलं, आणि रीपेकाला सहा वर्षांनी पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेता आला.

सप्टेंबरच्या शेवटी वारं सुटलं. वादळ म्हणावं इतकंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तूरोआ बोटीतून जे घेऊन आला त्याचे तुकडे मोजण्यात अर्थ नव्हता. दोर बुळबुळीत होऊन, कुजून तुटले होते. आणि एकाही तुकड्यावर एकही शिंपली बसलेली नव्हती.

"आपल्या हातून नाही झालं," रीपेका म्हणाली. दिवसभर ती तेवढंच बोलली. तिच्या आईनं तिला अंगवस्त्रं शिकवली होती, चटया शिकवल्या होत्या. समुद्राचा दोर कधी शिकवला नव्हता. ते बापाचं काम, आणि बापाबरोबर बोटीत जायची ती हूरिया. हे रीपेकाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं ते मनाच्या तळाशी दाबून ठेवलं होतं, इतकंच.

त्या शनिवारी मराएवर एका म्हाताऱ्याचं मयत होतं. सोलेदाद नेहमीप्रमाणे मोरीपाशी होती. तिच्या पिशवीतून तुटक्या दोराचा एक तुकडा लोंबत होता. शेजारी बटाटे सोलणाऱ्या बाईनं तो ओढून काढला, नाकाशी नेला, आणि हसली.

"ही वेणी कुणी घातली? लग्नाला जायची होती का ही?"

"नॅन रीपेकानं," सोलेदाद म्हणाली. "समुद्रासाठी."

बाई हसायची थांबली. ती हूरिया होती. "हाराकेकेची हिरवी पाती घराला चालतात, पोरी. समुद्राला मेलेलं पान लागतं. तीकोउकाच्या झाडाचं, आपणहून गळलेलं. आणि वेणी नाही, पीळ. आणि इतकं गुळगुळीत? शिंपलीच्या पिलानं पाय कुठं टेकायचा?" मग तिनं तुकडा परत पिशवीत टाकला. "मी काही बोलले नाही. माझं नाव घेऊ नकोस."

सोलेदादला नाव घ्यावं की घेऊ नये हे कळेना. गाडीत बसल्यावर ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "नॅन, एका बाईंनी मला काहीतरी सांगितलं आणि त्यांचं नाव सांगू नको म्हणाल्या."

"काय सांगितलं?"

तिनं सांगितलं. रीपेकाचा चेहरा लाल झाला. "लग्नाला जायची वेणी म्हणाली? मोठी आली शहाणी! लहानपणी हिच्या बुटाची नाडी मी बांधून द्यायचे!" घर आलं, गाडी थांबली, तरी ती उतरली नाही.

"पाय टेकायला जागा," ती अखेर म्हणाली. "बरोबरच आहे गं तिचं."

सोमवारी तिनं आंबवलेल्या बटाट्याचा पाव भाजला. रिकाम्या हातानं कुणी कुणाच्या दारात जात नाही. हूरिया खाडीच्या पलीकडे राहायची. वळसा घालून पाऊण तास. सोलेदाद गाडी चालवत होती आणि रीपेका मांडीवरचा गरम पाव दोन्ही हातांनी धरून बसली होती.

हूरिया गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून वाफ्यात उभी होती. तिनं गाडी ओळखली आणि खुरपं खाली टाकलं नाही.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. पाव आणलाय."

"जळलेला दिसतोय."

"तुझी चूल कधी धड पेटली नाही, तू मला जळलेला सांगतेस!"

बारा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे असं झालं. मग हूरियानं चहा ठेवला. पाव कापला, आणि तिघीजणी तो खाईपर्यंत कुणीच मुद्द्याचं काही काढलं नाही. शेवटी रीपेकानं कप बाजूला सारला.

"मी तेव्हा जे बोलले ते चुकलं. तू विकलं नव्हतंस. तू विश्वास ठेवलास, आणि त्या माणसानं फसवलं. मला त्याच्यावर ओरडता आलं नाही, तू समोर होतीस."

हूरिया खिडकीबाहेर बघत राहिली. "हे तू माझ्या स्वयंपाकघरात म्हणतेस. ते तू सगळ्या गावासमोर म्हणाली होतीस. माझी नातवंडं तिथं होती."

रीपेका उठली आणि गाडीत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर सोलेदाद म्हणाली, "नॅन, मी काही बिघडवलं का?"

"तू नाही. मीच बिघडवलेलं आहे. आता कुठं निस्तरायचं ते कळलं."

पुढच्या रविवारी खाडीबद्दलच्या बैठकीसाठी गाव मराएच्या जेवणघरात जमलं. साठेक माणसं असतील. दोर तुटल्याचं तूरोआनं सांगितलं, कुणी तरी म्हणालं की आता प्लास्टिकच बघू, त्यावर कुजबुज झाली. तेवढ्यात रीपेका उभी राहिली. खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलेले तिचे हात सोलेदादला मागून दिसत होते.

"बारा वर्षांपूर्वी याच खोलीत मी माझ्या बहिणीला म्हटलं, तू आईला विकलंस," ती म्हणाली. "तुमच्यातल्या पुष्कळांनी ते ऐकलं. ते खोटं होतं. मी रागात होते आणि जवळचं माणूस सापडलं त्याला मारलं. आमच्या बापाचा दोर हूरियाच्या हातात आहे, माझ्या नाही, हेही मला पहिल्यापासून ठाऊक आहे. मला विचारायची लाज वाटली, म्हणून मी खाडीत पाच आठवड्यांचं काम बुडवलं. हूरिया, तुझ्या लेकरांसमोर सांगते, मला क्षमा कर."

ती उभीच राहिली. कारण मराएवर कुणी बोललं की बाकीच्यांनी त्याच्यामागे उभं राहून गाणं म्हणायचं असतं. गाण्याशिवाय बोलणं अर्धं राहतं. पण असल्या बोलण्यामागे कुठलं गाणं म्हणायचं हे कुणालाच सुचेना.

मग पलीकडच्या टोकाला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हूरिया उठली, टेबलांमधून चालत आली आणि मोठ्या बहिणीच्या शेजारी उभी राहिली. तिचा आवाज कधीच सुरेल नव्हता. तिनं आई चटया विणताना म्हणायची ते गाणं उचललं, अर्ध्या ओळीत तिचा सूर घसरला, आणि रीपेकानं तो तिथून धरला. तिसऱ्या ओळीला सगळी खोली उभी होती. गाणं संपल्यावर दोघींनी कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं, आणि तशाच इतका वेळ राहिल्या की शेवटी तूरोआ खाकरून म्हणाला, "चहा निवतोय."

"निवू दे!" दोघी एकदमच म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस पानं गोळा करण्यात गेले. तीकोउकाची गळलेली पानं गवत कापायच्या यंत्रात अडकतात म्हणून सगळं गाव त्यांना शिव्या द्यायचं. आता शाळेची मुलं पोती भरभरून आणू लागली. हूरिया मराएच्या पडवीत बसून मांडीवर पानं वळायची. दोन पेड उजवीकडे, मग दोन्ही एकमेकांवर डावीकडे, आणि पानांची टोकं मुद्दाम बाहेर सोडलेली, केसाळ.

"कसला गबाळा दोर हा," रीपेकाला राहवलं नाही.

"गप गं. तुझे हात फार शिकलेले आहेत. जरा विसर."

विसरणं तिला जड गेलं. तिचा दोर आपोआप नीटस व्हायचा आणि हूरिया तो सोडवायला लावायची. एकाहत्तराव्या वर्षी धाकट्या बहिणीकडून बोलणी खात ती ते शिकली. सोलेदाद दोघींच्या मध्ये बसायची. तिच्या मांड्या सोलवटल्या, पण तिचा दोर हूरियाला पहिल्या आठवड्यात पसंत पडला, आणि रीपेकाचा दुसऱ्या. हे हूरियानं भेटेल त्याला सांगितलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस दोर पाण्यात गेले. नोव्हेंबरात दोनदा वारं सुटलं; दोर टिकले. पण त्यांच्यावर काही बसलंय की नाही हे कळायला अजून वेळ होता, आणि सोलेदादच्या जाण्याचा दिवस आला होता.

जाण्याच्या आठवड्यात तिनं आपला प्रबंध छापून आणला आणि दोघी बहिणींसमोर ठेवला. "विद्यापीठात द्यायच्या आधी तुम्ही वाचायचा," ती म्हणाली. "जे बाहेर जाऊ नये असं वाटेल ते खोडा."

रीपेकानं चष्मा लावला. दोन दुपारी लागल्या. दोर वळतानाची प्रार्थना सोलेदादनं शब्दन् शब्द लिहिली होती. त्या पानावर रीपेकानं तिरपी रेघ मारली. पानं कुठल्या झाडाखालून घेतली ते हूरियानं खोडलं. सोलेदाद शेजारी बसून मान डोलवत होती, आणि खोडलेलं तिथल्या तिथं काढून टाकत होती. सगळं मिळून अकरा पानं गेली.

"तुझे गुण कमी होतील," रीपेका म्हणाली.

"होऊ देत."

"आणि तुझ्या बाबांना प्रार्थनेशिवाय दोर वळावा लागेल."

"ते त्यांची स्वतःची म्हणतील, नॅन. आमच्याकडेही आहेत."

रीपेकानं पहिलं पान उलटलं. तिथं मार्गदर्शक म्हणून विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं नाव होतं, आणि त्याच्या वर, त्याच अक्षरांत, रीपेका आणि हूरिया यांची आणि त्यांच्या आईबापांची नावं. ती ते पान बराच वेळ हातात धरून बसली. आजवर तिच्याकडून लोकांनी पुष्कळ नेलं होतं. काय ठेवायचं हे कुणी तिला विचारलं नव्हतं.

"मी तुला घरात घेणार नव्हते," ती म्हणाली. "माहीत आहे ना?"

"तूरोआनं विमानतळावरच सांगितलं होतं."

"मग आलीस कशी?"

"मला वाटलं, ज्यांना राग येतो त्यांच्याकडे काहीतरी राखण्यासारखं असणार."

"ऐकलंस?" हूरिया म्हणाली. "आता हिची मान आणखी ताठ होईल."

निरोपाच्या दिवशी रीपेकानं स्वतः विणलेली एक लहान पिशवी सोलेदादच्या गळ्यात घातली. भाषण करायचं ठरवलं होतं, पण तिला "धन्यवाद, पोरी" याच्या पुढं जाता आलं नाही. बाकीचं तिच्यासाठी हूरियानं बोलून टाकलं, नको तितकं लांब.

फेब्रुवारीत तूरोआनं दोघी बहिणींना बोटीत घेतलं. पाणी संथ होतं. त्यानं पहिला दोर ओढायला सुरुवात केली आणि थांबला. "जड आहे," तो म्हणाला.

दोर वर आला. गाळ नव्हता, शेवाळ होतं, आणि शेवाळाच्या खाली, पानांच्या प्रत्येक सुटलेल्या टोकाला, मोहरीएवढे, मेथीदाण्याएवढे काळे-हिरवे ठिपके चिकटलेले होते. रीपेकानं चष्मा पुसला आणि एका ठिपक्याला बोट लावलं. तो हलला नाही. घट्ट धरून बसला होता.

"किती असतील?" तिनं विचारलं.

"मोजू नकोस," हूरिया म्हणाली. "दृष्ट लागेल."

यातली एकही कुणी काढणार नव्हतं. खाडीतून शिंपल्या काढायला गावानं घातलेली बंदी अजून चार-पाच वर्षं तरी राहणार होती, आणि तोवर आपण असू की नाही हे त्या दोघींनाही सांगता आलं नसतं. रीपेकाला त्याचं काही वाटलं नाही. तूरोआनं फोनवरून सोलेदादला दोर दाखवला. पलीकडे तिच्याकडे किनारा होता, मागे वारं घोंघावत होतं, आणि तिच्या खांद्यावरून एक दाढीवाला माणूस वाकून बघत होता. तो स्पॅनिशमध्ये भराभर काहीतरी बोलला.

"बाबा विचारतात," सोलेदाद म्हणाली, "आमच्याकडे ते झाड नाही. मग कुठलं पान घ्यायचं?"

"त्यांना म्हणावं, जे आपणहून गळतं ते," हूरिया म्हणाली. "आणि म्हणावं, खरबरीत ठेवा."

तूरोआनं दोर हळूच परत पाण्यात सोडला. रीपेकानं खाडीवर हात धरला आणि तोंडातल्या तोंडात आभाराची प्रार्थना म्हटली. आईचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, नवऱ्याचं घेतलं, शेजारी बसलेल्या बहिणीचं घेतलं, तशी ती "मी अजून मेले नाही, माझं कशाला?" असं पुटपुटली. मग सोलेदादचं नाव घेतलं, आणि तिच्या बापाचंही. त्याचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतं "तो दाढीवाला" म्हटलं.